पक्ष नोंदवणं सोपं, चिन्ह टिकवणं अवघड: लहान पक्ष मतपत्रिकेवर कसा येतो आणि कसा राहतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्यातल्या नगरपंचायतीत तुमची आघाडी निवडून आली, आता तीच माणसं घेऊन पक्ष काढायचा आहे, 2029 ची विधानसभा लढवायची आहे. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव आणि सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह कसं मिळेल, आणि एकदा मिळालेलं पुढच्या वेळी राहील का? शिवाय कुणीतरी तुम्हाला जुना, नोंदणी झालेला पक्ष ‘देऊ’ केला आहे, तो घ्यावा का, हेही तुम्ही विचारलं आहे.

लहान पक्षांची निवडणूक आयोगाची कागदपत्रं हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे मतपत्रिकेवर नाव येणं कठीण नाही. दहा सूचक, अनामत रक्कम आणि नीट भरलेला अर्ज असला की अपक्षाचंही नाव येतं. खरी लढाई चिन्हाची असते. आणि ते भाषणांवर मिळत नाही, तारखांवर आणि हिशेबाच्या कागदांवर मिळतं. मी पाहिलेल्या लहान पक्षांपैकी बहुतेकांचं नुकसान मतदारांनी नाकारल्याने झालं नाही. अर्ज उशिरा गेला, ताळेबंद पाठवला नाही, पत्ता बदलला तो कळवला नाही, अशा कारणांनी झालं.

पहिला गैरसमज दूर करा. नगरपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभा आणि लोकसभा भारत निवडणूक आयोग. दोन्ही आयोग वेगळे, दोन्हींकडची नोंदणी वेगळी. तुमची आघाडी निकालानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे गट म्हणून नोंदवली असेल, तर तिचा विधानसभेसाठी काडीचाही उपयोग नाही. आणि उलटही खरं आहे: दिल्लीत नोंदणी झाली म्हणून नगरपंचायतीचं काम आपोआप होत नाही. राज्य आयोग हिशेबाच्या बाबतीत ढिला असेल असंही समजू नका. 2016 मध्ये आयकर विवरण आणि लेखापरीक्षित हिशेब न दिल्यामुळे त्याने 191 पक्षांची नोंदणी रद्द केली होती, आणि त्यात एमआयएमसारखा आमदार असलेला पक्षही होता.

आता दिल्लीची नोंदणी. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चं कलम 29अ. पक्ष स्थापन झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज आयोगाच्या सचिवांकडे पोचला पाहिजे. इथे पहिली ठेच लागते. लोक आधी मेळावा घेतात, नारळ फोडतात, पेपरात बातमी येते, आणि मग कागद गोळा करायला बसतात. तीस दिवस बघता बघता संपतात. तुम्ही क्रम उलटा ठेवा. घटना, शंभर प्रतिज्ञापत्रं, कार्यालयाच्या जागेचं मालकाचं संमतिपत्र, पदाधिकाऱ्यांच्या मालमत्तेची आणि गुन्ह्यांची माहिती हे सगळं तयार करा, आणि मगच स्थापनेची सभा घेऊन ठराव करा. स्थापनेची तारीख ठरवणं तुमच्या हातात असतं, एवढी सवलत कायद्याने दिली आहे, ती वापरा.

पक्षाचे किमान शंभर सदस्य मतदार असले पाहिजेत आणि प्रत्येकाने स्वतंत्र प्रतिज्ञापत्र द्यायचं की मी नोंदणीकृत मतदार आहे आणि दुसऱ्या कुठल्याही नोंदणीकृत पक्षाचा सदस्य नाही. शंभरवर थांबू नका, सव्वाशे करा. कारण पाच-सहा जणांचं मतदार यादीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, दोघांचं नाव दोन गावांत सापडतं, एखादा तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मिस्ड कॉल मोहिमेत सदस्य झालेला असतो. प्रक्रिया शुल्क 10,000 रुपये. घटनेत संविधानावर निष्ठा, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही आणि देशाचं सार्वभौमत्व व अखंडता यांचा उल्लेख कायद्यातल्या शब्दांतच हवा, तिथे आपली भाषा घालायला जाऊ नका. पदाधिकाऱ्यांच्या अंतर्गत निवडणुका ठरावीक मुदतीने होतील, पाच वर्षांपेक्षा जास्त अंतर पडणार नाही, हे कलम हवं. पक्षाचं नाव जात-धर्मावरून नको आणि आधीच्या पक्षाच्या नावाशी मिळतंजुळतंही नको. नोंदणी झाल्यापासून पाच वर्षांत आयोगाची एखादी निवडणूक लढवू, अशी हमीही घेतली जाते. प्राथमिक तपासणी झाली की दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत दोन दिवस जाहिरात द्यावी लागते. तिचा खर्च शुल्कापेक्षा किती तरी जास्त येतो. मग हरकतींसाठी 30 दिवस. एकूण काम काही महिन्यांचं आहे, निवडणुकीच्या वर्षात सुरू करायचं नाही.

नोंदणी झाली की तुम्ही ‘नोंदणीकृत अमान्यताप्राप्त’ पक्ष होता. देशातले बहुसंख्य पक्ष याच वर्गातले. याने काय मिळतं? मतपत्रिकेवर उमेदवारापुढे पक्षाचं नाव येतं. क्रमात मान्यताप्राप्त पक्षांनंतर आणि अपक्षांच्या आधी जागा मिळते. स्टार प्रचारक वीस (मान्यताप्राप्तांना चाळीस). मुक्त चिन्हांच्या (कुणासाठीही राखीव नसलेल्या) यादीतलं एखादं चिन्ह तुमच्या उमेदवाराने आणि अपक्षाने दोघांनी मागितलं, तर तुमच्या उमेदवाराला आधी मिळतं. पण दोन नोंदणीकृत पक्षांनी मागितलं तर चिठ्ठी टाकतात. म्हणजे एका मतदारसंघात तुमचं चिन्ह बॅट, शेजारच्यात शिलाई मशीन आणि पलीकडे नारळ, असं होऊ शकतं. एकच पोस्टर छापता येत नाही, एकच गाणं वाजवता येत नाही. यावर उपाय म्हणजे समान चिन्ह.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे.

निवडणूक चिन्हं (आरक्षण व वाटप) आदेश 1968 मध्ये परिच्छेद 10ब आहे. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाने वेळेत अर्ज केला तर राज्यातल्या त्याच्या सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह मिळू शकतं. हमी द्यायची की लोकसभेला किमान दोन जागा किंवा विधानसभेला किमान पाच टक्के जागा लढवू. महाराष्ट्रात 288 चे पाच टक्के म्हणजे पंधरा उमेदवार. मुक्त यादीतली दहा चिन्हं पसंतीक्रमाने द्यायची. शिवाय स्वतःची तीन नवी चिन्हं चित्रासह सुचवता येतात, फक्त ती धार्मिक नकोत आणि त्यात पशुपक्षी नकोत. हत्ती किंवा सिंह ज्यांच्याकडे आहेत ते जुन्या काळापासूनचे आहेत. 2024 च्या जानेवारीपासून अर्जासोबत मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि मागच्या दोन निवडणुकांच्या खर्चाची विवरणंही मागतात.

अर्जाची खिडकी सभागृहाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी उघडते आणि अधिसूचनेच्या काही दिवस आधी बंद होते. आणि नियम आहे, आधी येईल त्याला. मागच्या निवडणुकीत ते चिन्ह तुम्ही वापरलं, त्यावर लाखो मतं घेतली, भिंती रंगवल्या, याला इथे किंमत नाही. तमिळनाडूतल्या नाम तमिळर कच्चीचं उदाहरण प्रत्येक लहान पक्षाच्या कार्यालयात भिंतीवर लावावं असं आहे. 2019 ची लोकसभा आणि 2021 ची विधानसभा ते ‘ऊस घेतलेला शेतकरी’ या चिन्हावर लढले. 2021 मध्ये साडेसहा टक्क्यांच्या वर मतं मिळाली, पण एकही जागा नाही, त्यामुळे मान्यता नाही. पुढच्या लोकसभेसाठी खिडकी उघडली ती डिसेंबर 2023 च्या मध्यावर, आणि कर्नाटकातल्या एका फारशा कुणाला माहीत नसलेल्या पक्षाने लगेच अर्ज टाकला. कच्चीचा अर्ज गेला फेब्रुवारी 2024 मध्ये. चिन्ह गेलं. दिल्ली उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही, शेवटी माईक घेऊन लढावं लागलं. तरी त्यांना आठ टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि मान्यता मिळाली, हे त्यांच्या कार्यकर्त्यांचं श्रेय. पण प्रत्येक पक्षाला नवं चिन्ह काही आठवड्यांत घरोघरी पोचवणं जमत नाही.

आपल्याकडे वंचित बहुजन आघाडी पाहा. 2019 च्या लोकसभेला कपबशी, त्याच वर्षीच्या विधानसभेला गॅस सिलिंडर, 2024 च्या लोकसभेला प्रेशर कुकर, आणि विधानसभेला पुन्हा सिलिंडर. इतका मोठा जनाधार असलेल्या पक्षाची ही गत. वसई-विरारमध्ये ज्यांची शिट्टी घराघरात माहीत होती त्या बहुजन विकास आघाडीला 2019 च्या लोकसभेत पालघरमध्ये शिट्टीऐवजी रिक्षावर लढावं लागलं. नोंदणीकृत पक्षाने दोनदा लढवून कमावलेल्या चिन्हावर त्याचा थोडा तरी अग्रहक्क असावा, निदान त्या राज्यापुरता, असं माझं ठाम मत आहे. आजचा नियम कष्ट करणाऱ्यापेक्षा कॅलेंडर पाहणाऱ्याला बक्षीस देतो. पण नियम आहे तो आहे, म्हणून तुम्ही कॅलेंडर पाहणारे व्हा. सध्याच्या विधानसभेची मुदत डिसेंबर 2029 च्या सुरुवातीला संपते, म्हणजे खिडकी जून 2029 मध्ये उघडेल. लोकसभाही लढवायची असेल तर ती डिसेंबर 2028 मध्ये. मे महिन्यातच अर्ज तयार ठेवा, सनदी लेखापालाचे तीन वर्षांचे हिशेब जोडून, आणि पहिल्या दिवशी द्या.

चिन्हाची निवड करताना अजून एक बघा. तुम्ही जिथे उमेदवार दिला नाही तिथे तेच चिन्ह पुन्हा मुक्त होतं आणि एखाद्या अपक्षाला मिळू शकतं. शेजारच्या तालुक्यात तुमच्या चिन्हावर भलताच माणूस प्रचार करतोय असं दिसलं तर दचकू नका, पण तुमच्या पत्रकावर मतदारसंघाचं आणि उमेदवाराचं नाव मोठं छापा. आणि दुसऱ्या चिन्हासारखं दिसणारं चिन्ह टाळा. 2024 च्या लोकसभेत साताऱ्यात ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाचा उमेदवार 32,771 मतांनी पडला आणि पिपाणीवाल्या अपक्षाला 37,062 मतं पडली. ती सगळी मतं चुकूनच पडली असं म्हणता येणार नाही, पण यंत्रावरचं चित्र एवढंसं असतं. चिन्ह निवडताना तो कागद चष्मा न लावलेल्या आजीला हातभर अंतरावरून दाखवा, ती काय म्हणते ते ऐका.

समान चिन्हाची सवलत कायमची नसते. दोनदा घेतल्यानंतर, मागच्या निवडणुकीत राज्यात किमान एक टक्का वैध मतं मिळाली नसतील तर पुन्हा मिळत नाही. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. गणित करून पाहू. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेला साधारण 6 कोटी 40 लाख मतं पडली. एक टक्का म्हणजे 6 लाख 40 हजार. तुम्ही हमीपुरत्या पंधरा जागा लढवल्या तर प्रत्येक जागी सरासरी 42-43 हजार मतं लागतील. एका मतदारसंघात मतदान सव्वादोन लाखांच्या आसपास, त्याचा सहावा हिस्सा म्हणजे 37 हजार, जो डिपॉझिट वाचवायला लागतो. म्हणजे पंधरा जागा लढवणाऱ्या पक्षाला एक टक्का गाठायचा तर पंधराही ठिकाणी डिपॉझिट वाचवून वर मतं घ्यावी लागतील. शंभर जागा लढवल्या तर सरासरी 6,400 मतं पुरतात. पण शंभर उमेदवारांची अनामत प्रत्येकी 10,000 (अनुसूचित जाती-जमातींना 5,000) म्हणजे दहा लाखांपर्यंत जाते, आणि त्यातली बहुतेक जप्त होणार हे धरूनच चालायचं. शिवाय शंभर जणांचे खर्चाचे हिशेब निकालानंतर 30 दिवसांत दाखल व्हायला हवेत, नाहीतर त्या उमेदवाराला तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवता येतं. शंभर उमेदवार उभे करणं सोपं, शंभर हिशेब गोळा करणं भयंकर.

हेच गणित पुढे मान्यतेला लागतं. राज्यस्तरीय पक्ष म्हणून मान्यता मिळाली की चिन्ह राज्यात राखीव होतं, एका सूचकावर अर्ज भरता येतो, मतदार याद्या फुकट मिळतात, आकाशवाणी-दूरदर्शनवर वेळ मिळतो. त्यासाठी पाच वाटा आहेत, त्यातली एक पुरी झाली की झालं: विधानसभेला सहा टक्के मतं आणि दोन आमदार, लोकसभेला राज्यात सहा टक्के आणि एक खासदार, विधानसभेच्या तीन टक्के जागा किंवा तीन जागा यातलं जे जास्त असेल ते, म्हणजे आपल्याकडे नऊ, लोकसभेच्या दर 25 जागांमागे एक खासदार, म्हणजे आपल्याकडे दोन, किंवा जागा एकही नसली तरी आठ टक्के मतं.

मनसेने 2009 मध्ये पावणेसहा टक्क्यांच्या आसपास मतं घेतली, म्हणजे सहालाही पोचले नव्हते. पण मुंबई-ठाणे-नाशिक-पुणे पट्ट्यात ताकद एकवटलेली होती, 13 आमदार आले, नऊची अट ओलांडली आणि इंजिन पक्कं झालं. वंचितने 2019 च्या लोकसभेत जवळपास सात टक्के मतं घेतली, म्हणजे मनसेपेक्षा जास्त, पण ती राज्यभर विखुरलेली. युतीतल्या एमआयएमने औरंगाबाद जिंकलं, पण पतंगावर, त्यामुळे वंचितच्या खात्यात खासदार शून्य. सहा टक्के होते, खासदार नव्हता. आठ टक्के झाले नाहीत. सिलिंडर-कुकरची ही वणवण त्या एका टक्क्याने आणि एका खासदाराने झाली. आपल्या शेजारी गोव्यात रिव्होल्युशनरी गोवन्सने 2022 मध्ये चाळीसपैकी जवळपास सगळ्या जागा लढवल्या आणि एकच जिंकली, सांत आंद्रे. पण मतं नऊ टक्क्यांच्या वर गेली आणि आठ टक्क्यांच्या वाटेने फुटबॉल राखीव झाला. गोव्यात सगळी मिळून नऊ-साडेनऊ लाख मतं, तिथे आठ टक्के म्हणजे पाऊण लाख. महाराष्ट्रात तेच आठ टक्के पन्नास लाखांच्या वर जातात. म्हणून गोव्याचा धडा इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

मान्यता एकदा मिळाली की लगेच जात नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर एक निवडणूक वाईट गेली तरी पुढच्या निवडणुकीपर्यंत दर्जा राहतो. आणि दर्जा गेल्यावरही सहा वर्षं जुनं चिन्ह वापरण्याची सवलत मागता येते. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही: एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस, तृणमूल आणि भारतीय कम्युनिस्ट पक्ष या तिघांचा राष्ट्रीय दर्जा एकाच दिवशी गेला.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. पहिल्या विधानसभेला पंधरा-वीसच जागा लढा, त्यातल्या दोन-तीन जिंकण्याच्या तयारीने. एक टक्क्याची चिंता पहिल्या वेळी करू नका, ती सवलत त्यासाठीच आहे. दुसऱ्या वेळी मात्र जागा वाढवा, कारण तिसऱ्या वेळेचं चिन्ह तिथे ठरतं. आणि युतीत गेलात तर दुसऱ्याच्या चिन्हावर उमेदवार उभा करण्याआधी दहा वेळा विचार करा. 2019 मध्ये महायुतीतल्या लहान मित्रपक्षांचे बरेच उमेदवार कमळावर लढले. जिंकलेला आमदार कायद्याने ज्याचं चिन्ह त्याचाच असतो, व्हीप त्याचा, मतं त्याच्या खात्यात, आणि तुमच्या पक्षाच्या नोंदीत त्या मतदारसंघात निवडणूक लढवल्याचीही खूण राहत नाही.

अर्ज भरण्याच्या आठवड्याबद्दल थोडं बारकाईने सांगतो, कारण आयुष्यभराचं काम इथे एका दुपारी वाया जाऊ शकतं. विधानसभेचा उमेदवारी अर्ज म्हणजे नमुना 2ब. त्याचा पहिला भाग मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारासाठी, एका सूचकाचा. दुसरा भाग तुमच्यासाठी, दहा सूचकांचा. दहाही सूचक त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत, प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अचूक हवा. यादी पुनरीक्षणात भाग क्रमांक बदलतात. लोकसभेच्या वेळचे क्रमांक विधानसभेला चालतील असं धरू नका, ताजी यादी घ्या. जो सूचक सही करत नाही, अंगठा देतो, त्याने तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यासमोरच द्यायचा. घरी घेतलेला अंगठा छाननीत उडतो. म्हणून सही करणारेच सूचक निवडा, आणि छाननीच्या दिवशी फोन उचलतील, हजर राहतील अशी माणसं निवडा. 2024 मध्ये सुरतेत सूचकांनीच ‘सही आमची नाही’ म्हटलं आणि एका राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज बाद होऊन समोरचा बिनविरोध खासदार झाला. अर्ज चार भरता येतात, अनामत एकदाच लागते. चारही भरा, आणि प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घ्या.

ए आणि बी फॉर्म (ए म्हणजे पक्षातर्फे सही कोण करणार ते, बी म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण ते) अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले पाहिजेत, आणि त्यावर शाईची प्रत्यक्ष सही हवी. रबरी शिक्का नाही, झेरॉक्स नाही, व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत नाही. अध्यक्ष पुण्यात आणि उमेदवार गडचिरोलीत असेल तर हा कागद आदल्या दिवशीच तिथे असला पाहिजे. नमुना 26 च्या प्रतिज्ञापत्रात, म्हणजे उमेदवाराच्या मालमत्तेच्या आणि गुन्ह्यांच्या माहितीत, एकही रकाना कोरा नको. माहिती नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा, कारण सूचना देऊनही कोरा राहिलेला रकाना अर्ज बाद करायला पुरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच म्हटलं आहे. शपथ अर्ज दिल्यानंतर लगेच घ्या, छाननीच्या दिवसावर ढकलू नका. तेव्हा ती ग्राह्य धरत नाहीत. क्षुल्लक चुकीवरून अर्ज नाकारू नये असं कायदा सांगतो, पण क्षुल्लक काय हे त्या दिवशी निर्णय अधिकारी ठरवतो आणि तुमची दाद निकालानंतरच्या निवडणूक याचिकेत लागते. तोवर निवडणूक होऊन गेलेली असते.

आता टिकवण्याबद्दल. पूर्वी लोक म्हणायचे, आयोगाला नोंदणी रद्द करायचा अधिकारच नाही. 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते बऱ्याच अंशी खरं आहे: फसवणुकीने नोंदणी घेतली, पक्षाने स्वतः घटनानिष्ठा सोडली किंवा सरकारने पक्ष बेकायदा ठरवला, अशा मोजक्या प्रसंगीच ती रद्द होते. पण आयोगाने दुसरी वाट काढली, यादीतून वगळण्याची. ऑगस्ट 2025 मध्ये 334 पक्ष वगळले, सप्टेंबरमध्ये आणखी 474. निकष हा की 2019 पासून सहा वर्षांत एकही निवडणूक लढवलेली नाही. पहिल्या फेरीत पत्त्यावर कार्यालयच सापडलं नाही, असेही बरेच होते. त्यानंतर 359 पक्षांवर कारवाई सुरू झाली, ज्यांनी निवडणुका लढवल्या पण तीन वर्षांचे हिशेब आणि खर्चाची विवरणं दिली नाहीत. वगळल्यावर चिन्हाची सवलत जाते, देणग्या घेण्याचे आणि आयकराचे लाभ जातात. मृत पक्ष काढणं योग्यच आहे, त्यातले अनेक फक्त देणग्या फिरवायला जिवंत होते. पण गावातल्या चार प्रामाणिक लोकांनी चालवलेला पक्षही एका बंद पत्त्यामुळे त्याच यादीत जाऊ शकतो, हे लक्षात ठेवा. नोटीस पत्त्यावर येते. भाडेकरार संपून खोली सुटली आणि नवा पत्ता कळवला नाही, तर नोटीस परत जाते आणि तुम्हाला काही कळतही नाही. अपिलाला 30 दिवस असतात.

म्हणून वर्षाचं वेळापत्रक बांधून घ्या. 20,000 च्या वरच्या देणग्यांचा अहवाल नमुना 24अ मध्ये, आयकर विवरणाच्या मुदतीआधी. लेखापरीक्षित हिशेब ऑक्टोबर अखेरपर्यंत. आयकर विवरण, उत्पन्न शून्य असलं तरी. रोख देणगी 2,000 च्या वर घेऊ नका, कितीही जवळचा माणूस असला तरी. निवडणूक लढवलीत की पक्षाच्या खर्चाचं विवरण विधानसभेला 75 दिवसांत, लोकसभेला 90 दिवसांत. अध्यक्ष, खजिनदार, पत्ता, नाव यातलं काही बदललं की लगेच आयोगाला कळवा आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यालाही. हे सगळं एका माणसाकडे द्या, जो स्वतः निवडणूक लढवणार नाही. उमेदवार असलेल्या सरचिटणीसाला ऑक्टोबरात ताळेबंद आठवत नाही.

शेवटी त्या जुन्या पक्षाच्या ऑफरबद्दल. अशा ऑफर येत राहतात: ‘नोंदणी आहे, अध्यक्ष बदलून देतो, एवढे लाख द्या.’ पहिली गोष्ट, पक्ष ही विकायची वस्तू नाही. पदाधिकारी घटनेप्रमाणे निवडून बदलतात आणि तो बदल आयोगाने नोंदवावा लागतो. जुन्या अध्यक्षाने उद्या ‘मी राजीनामा दिलाच नाही’ असं पत्र पाठवलं तर ऐन निवडणुकीत ए-बी फॉर्मवर कुणाची सही ग्राह्य, हा वाद उभा राहतो. दुसरी, त्या पक्षाने समान चिन्हाची सवलत दोनदा वापरून एक टक्का मिळवला नसेल तर तुम्हाला ते चिन्ह मिळणारच नाही. तिसरी, त्याचे तीन वर्षांचे हिशेब दिलेले नसतील तर तो उद्याच्या वगळण्याच्या यादीत आहे, आणि त्या काळातल्या देणग्यांचे प्रश्न आयकर खातं तुम्हाला विचारेल. तरीही मोह होत असेल तर पैसे देण्याआधी तीन कागद मागा: आयोगाकडे सध्या नोंदलेल्या पदाधिकाऱ्यांचं पत्र, मागच्या तीन वर्षांच्या लेखापरीक्षणाची पोच, आणि मागच्या निवडणुकांतल्या चिन्हवाटपाचे आदेश. मला अशी ऑफर घेऊन आलेल्यांपैकी कुणीही हे तिन्ही कागद दाखवले नाहीत. तुम्ही स्वतःची नोंदणी करा. आत्ता सुरुवात केलीत तर 2029 च्या जूनपर्यंत तीन वर्षांचे स्वच्छ हिशेब तुमच्या हातात असतील, आणि समान चिन्हाच्या अर्जाला नेमके तेच लागतात.